नव्या पुणेकराने बाहेर कुठे, केव्हा आणि कसं खावं

लातूर, नागपूर, सांगली, रत्नागिरी, कुठूनही पुण्यात आलात की ऑफिसातली किंवा वसतिगृहातली मंडळी पहिल्याच आठवड्यात हॉटेलांची एक लांबलचक यादी हातात ठेवतात. यादीतली नावं बहुतेक बरोबर असतात. पण तुम्ही हौसेने पोचता तेव्हा निम्म्या ठिकाणी शटर खाली असतं आणि उरलेल्या निम्म्यांत तुम्ही भलतंच काहीतरी मागवता. इथली जुनी ठिकाणं एक-दोन पदार्थ मन लावून करतात, ठरल्या वेळात विकतात आणि संपलं की दुकान मिटवतात. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून कुणी पुन्हा कढई चढवत नाही. तेव्हा हॉटेल निवडण्याआधी वेळ निवडा. म्हणूनच हा लेख मी घड्याळाच्या क्रमाने लावला आहे.

निघण्याआधी

पहिलं काम, फोन करा. नकाशावर दिसणारी वेळ आणि दुकानदाराच्या मनातली वेळ यांत फरक पडतो, आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते. ‘आज चालू आहे का आणि किती वाजेपर्यंत’ एवढंच विचारा. उत्तर तुटक येईल. त्यात राग नसतो, कामाची पद्धत तशी आहे.

दुसरं, गाडी. नारायण, सदाशिव, शनिवार, बुधवार या पेठांत चारचाकी घेऊन मिसळ खायला जाणं म्हणजे अर्धा तास पार्किंग शोधणं आणि मग भांडणाच्या तयारीने टेबलावर बसणं. दुचाकी जमेल, पण आता मेट्रोच सोपी. वनाझ ते रामवाडी मार्गावर नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानकं खाण्याच्या दृष्टीने मोक्याची आहेत. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारा मार्ग सप्टेंबर २०२४ पासून भुयारातून पुढे सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं मिळाली. दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर एकमेकांना भेटतात. मंडईला उतरलात की तुळशीबाग पायी गाठता येते.

तिसरं, माणसं मोजा. जुन्या उपाहारगृहांत टेबलं चौघांची, जागा अरुंद. आठ जणांचा घोळका घेऊन गेलात तर एकत्र बसायला मिळणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. तुम्ही दोघंच असाल तर समोरच्या दोन खुर्च्यांवर अनोळखी माणसं येऊन बसतील. ती तुमच्या ताटाकडे बघणार नाहीत, तुम्हीही त्यांच्याकडे बघू नका.

आणि हाक कशी मारायची, हेही आधीच सांगतो. वाढणाऱ्याला ‘काका’ किंवा ‘दादा’, खानावळीतल्या बाईंना ‘मावशी’ किंवा ‘काकू’. टाळी, चुटकी, ‘ए’, ‘शुक शुक’ हे प्रकार केलेत तर पाणीसुद्धा शेवटी येईल.

सकाळ: चहा आणि पोहे

पुण्याची सकाळ फार लवकर होते. नळ स्टॉपला पहाटे, अंधार असतानाच पोह्यांभोवती गर्दी असते: रात्रपाळीवरून सुटलेले, अभ्यास करून कंटाळलेले, गडावर निघालेले. विदर्भातून आलेल्यांनी एक ध्यानात घ्यावं, इथे पोह्यांवर तर्री ओतत नाहीत. कोथिंबीर, थोडं खोबरं, लिंबाची फोड, एवढंच. काही ठिकाणी बाजूला सांबार मिळतं, ते घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न.

चहासाठी ‘अमृततुल्य’ अशी पाटी शोधा. हे एका दुकानाचं नाव समजू नका, तो दुकानांचा एक प्रकार आहे. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात ही दुकानं रुजवली. पेढीवर पितळी पातेलं, बाजूला आलं-वेलची कुटायचा खलबत्ता, दूध-पाणी-साखर-पावडर एकत्र उकळलेलं आणि फडक्यातून गाळलेलं. चहा गोडच असतो. साखर कमी हवी असेल तर आधी विचारा, पण उकळी एकदम सगळ्यांची लागते, त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी असेल. सोबत खारी किंवा क्रीमरोल. हल्ली याच धर्तीवर साखळी दुकानं गल्लोगल्ली निघाली आहेत, तिथला चहा वाईट नसतो, पण पेठांतल्या एखाद्या जुन्या अमृततुल्यात उभं राहून प्यायल्याशिवाय मत बनवू नका.

नऊ ते एक: मिसळ

इथे जरा थांबू, कारण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त अपेक्षाभंग मिसळीवर होतात.

पुण्यात मिसळ नावाचा एकच पदार्थ मिळत नाही. चार-पाच वेगवेगळे पदार्थ एकाच नावाने मिळतात. नारायण पेठेतल्या मुंजोबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ आंबटगोडाकडे झुकणारी. सोबत लादीपावाऐवजी स्लाइस येतो. कोल्हापूरकर इथे पहिल्या घासाला हमखास नाक मुरडतात. त्यांनी आपल्याकडच्या मिसळीशी ताडून न बघता ती दोनदा खावी, दुसऱ्यांदा ती पटते असा माझा अनुभव आहे. फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह शंभरी ओलांडलेलं आहे. तिथल्या मिसळीवर लाल तवंग शोधू नका, तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि आल्याचा. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात खरेदीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बायका आणि त्यांच्या मागे कंटाळलेले नवरे दिसतील. तिथला रस्सा झणझणीत. टिळक रस्त्यावरच्या रामनाथची मिसळही तिखट खाणाऱ्यांसाठीच. आणि कर्वे रस्त्यालगत, गरवारे कॉलेजजवळ काटाकिर्र, जिथे कोल्हापुरी वळणाची मिसळ मिळते आणि सुट्टीच्या दिवशी रांग फुटपाथवर येते.

मागवायची पद्धत अशी.

आधी तिखटाचं प्रमाण सांगा. ‘मध्यम’ म्हणा. पुण्याच्या काही मिसळींत मध्यमसुद्धा डोळ्यांतून पाणी काढतं, तिखट मागायचा अधिकार दुसऱ्या भेटीत मिळवा.

मिसळ आली की लगेच कालवू नका. आधी वाटीतला नुसता रस्सा चमचाभर चाखा. मग फरसाण, मटकी, कांदा, लिंबू यांचा अंदाज घेऊन थोडं थोडं ओता. सगळा रस्सा एकदम ओतला की फरसाण मऊ पडतं आणि शेवटचे चार घास लापशीचे होतात.

जास्तीचा रस्सा लागला तर ‘सँपल’ किंवा ‘रस्सा’ मागा. काही ठिकाणी तो पुन्हा फुकट येतो, काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात, आणि कुठे काय ते भिंतीवर लिहिलेलं असतं. पुण्यात भिंती वाचायची सवय लावून घ्या. पार्सल, सुटे पैसे, बसण्याची वेळ, टेबलावर गप्पा मारण्याबद्दलचं मालकांचं मत, सगळं तिथे असतं.

बाजूला दही किंवा ताक घेतलंत तर कमीपणा येत नाही. तिखटावर पाणी पिऊ नका, पाण्याने आग पसरते.

दुपारी एकनंतर मिसळीच्या मागे धावण्यात अर्थ नाही. मोठी पातेली रिकामी होत आलेली असतात. रविवारी जायचं असेल तर नऊच्या आत पोचा, नाहीतर मंगळवार-बुधवार पाहा.

मिसळ नको असेल तर नारायण पेठेत केसरी वाड्याजवळ प्रभा विश्रांतिगृह आहे. बटाटेवड्यासाठी जा. वेळ फार थोडी असते आणि गिऱ्हाइकाचे लाड करण्याची तिथे प्रथा नाही, पण वडा गरम असतो. पॅटीस आवडत असेल तर बाजीराव रस्त्याच्या बाजूची हिंदुस्तान बेकरी आणि आपटे रस्त्यावरची संतोष बेकरी, दोन्हींचे पंथ वेगळे आहेत. मी त्या वादात पडत नाही.

उपवास असणाऱ्यांचीही इथे सोय आहे. एकादशी-चतुर्थीला अनेक उपाहारगृहांत उपवासाची मिसळ लागते: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वर बटाट्याचा चिवडा. उपवास नसलेली माणसंच ती जास्त खातात.

दुपार: थाळी, बोर्डिंग आणि मेस

बारा ते तीन ही जेवणाची वेळ. तीन ते सात या मधल्या काळात पुण्यात पोटभर मराठी जेवण मिळणं कठीण, कारण थाळीची ठिकाणं तेव्हा बंद असतात. बाहेरगावाहून कुणी पाहुणा चार वाजता उपाशी आला तर त्याला थेट दक्षिण भारतीय उपाहारगृहात किंवा इराण्याकडे न्या.

मराठी थाळीसाठी टिळक रस्त्यावरचं दुर्वांकुर आणि आपटे रस्त्यावरचं श्रेयस ही नावं प्रत्येक जण सांगेल, आणि बरोबर सांगेल. डेक्कनला सुकांता आहे, तिथलं ताट गुजराती-राजस्थानीकडे जास्त झुकलेलं. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस हे सरपोतदारांचं. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते सुरू केलं, त्यामुळे नाटक-सिनेमातल्या माणसांचा तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबता. तिथे थाळीपीठ आणि अळूची भाजी मिळत असेल तर सोडू नका.

अमर्याद थाळी पहिल्यांदा खाणाऱ्याची एक खोड असते: पहिल्या दहा मिनिटांत पोट भरून घेणं. वाढपी हातात भांडी घेऊन झपाझप फिरत असतात, तुम्ही हो म्हणेपर्यंत पुरी पानात पडलेली असते. तेव्हा नको असेल तर पदार्थावर हात आडवा धरा, तोंडाने सांगण्यापेक्षा तो लवकर कळतो. पहिल्या फेरीत सगळं चमचा-चमचा घ्या. कोशिंबीर, चटणी डावीकडे. भाज्या, आमटी उजवीकडे. आवडलेली एक भाजी आणि आमटी हेरून ठेवा आणि दुसऱ्या फेरीत तीच मागा. मसालेभातावर तूप मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिलबी असेल तर तिच्या जोडीला मठ्ठा, आणि मठ्ठ्याची दुसरी वाटी मागायला लाजू नका. साध्या वरण-भातासाठी पोटात जागा ठेवा. शेवट ताकभाताने केलात तर दुपारी काम करता येईल, नाहीतर ऑफिसात डुलक्या ठरलेल्या.

थाळीचा दर वार पाहून बदलतो. रविवारी आणि सणावारी गोडाचे पदार्थ वाढतात आणि दरही. बसण्याआधी गल्ल्यावर विचारून घ्या. उरलेलं बांधून मिळत नाही आणि दोघांत एक ताट चालत नाही, हे दोन्ही नियम जवळपास सगळीकडे आहेत.

बोर्डिंग हा प्रकार वेगळा. एकटे विद्यार्थी, कारकून, बदलीवर आलेले नोकरदार यांच्या रोजच्या जेवणासाठी ही ठिकाणं निघाली. टिळक रस्त्यावरचं बादशाही त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, पेठेत पूना बोर्डिंगही आहे. इथे सजावट, संगीत, मेन्यूकार्ड यातलं काही नाही. नाव नोंदवायचं, हाक आली की आत जायचं, जे त्या दिवशी शिजलंय ते खायचं आणि उठायचं. चव घरगुती: कमी मसाला, पातळ आमटी, गरम पोळ्या. हॉटेलच्या लालभडक ग्रेव्ह्यांनी जीव विटला की या ताटाची किंमत कळते. जेवण झाल्यावर गप्पा मारत बसायचं नाही. तुमच्या खुर्चीमागे पुढचा माणूस उभा असतो आणि त्याची भूक तुम्हाला पाठीवर जाणवते.

शिकायला किंवा स्पर्धा परीक्षेसाठी आला असाल तर रोजचा प्रश्न मेसचा. सदाशिव, नारायण, नवी पेठ या भागात गल्लीगणिक मेस आहेत. महिन्याचे पैसे एकदम भरण्याआधी चार गोष्टी करा. एक, आधी सुटं ताट घेऊन जेवा, आणि तेही रविवारी नाही, कारण रविवार दुपारची मेजवानी सगळ्यांचीच चांगली असते. मंगळवारी रात्री जा, खरी भाजी तेव्हा दिसते. दोन, खाड्यांचा हिशोब विचारा: गावी गेलात तर किती दिवसांचे खाडे धरतात, किती आधी सांगावं लागतं. तीन, कूपन असेल तर त्याची मुदत किती. चार, रविवारी रात्री काय. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, आणि त्या रात्री पेठांतल्या प्रत्येक वडापावाच्या गाडीवर झुंबड उडते. तुमचा रविवारचा रात्रीचा बेत शनिवारीच ठरवून ठेवा.

तीन ते सात: डेक्कन आणि फर्ग्युसन रस्ता

थाळ्या झोपल्या की इथे जाग येते. फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी गुडलक, १९३५ पासूनचं. चौकाचं नावच त्याच्यावरून पडलंय, रिक्षावाल्याला पत्ता सांगायला ‘गुडलक चौक’ एवढं पुरतं. पहिल्या भेटीत बन मस्का आणि इराणी चहा. मांसाहार चालत असेल तर खिमा-पाव. बन चहात बुडवूनच खायचा, काटा-चमचा मागू नका. सकाळी लवकर गेलात तर जागा सहज मिळते, संध्याकाळी पाचनंतर टेबलासाठी उभं राहावं लागेल.

त्याच रस्त्यावर पुढे वैशाली आणि रूपाली. वैशालीत पुण्याच्या तीन पिढ्यांनी लग्नं ठरवली, मोडली आणि व्यवसाय सुरू केले. डोसा, इडली चांगलीच, पण नव्या माणसाने एसपीडीपी मागवावी: शेव, बटाटा, दही, पुरी. नंतर फिल्टर कॉफी. शनिवार-रविवारची रांग पाहून घाबरला असाल तर रूपालीत जा, किंवा वाडेश्वरमध्ये. माझं प्रामाणिक मत असं की रांगेत अर्ध्या तासाहून जास्त उभं राहण्याइतका डोसा अजून कुणी केलेला नाही.

भेळेचं म्हणाल तर पुण्याची खासियत मटकी भेळ, मोड आलेली मटकी घातलेली. कल्याण भेळ त्यासाठी ओळखली जाते. सारसबागेजवळच्या चौपाटीवर पावभाजी आणि भेळ दोन्ही मिळतात, पण तिथे प्रत्येक गाडीवाला तुम्हाला आपल्याकडे ओढेल. आधी चक्कर मारा, गर्दी कुठे आहे पाहा, मग बसा.

मस्तानी ही पुण्याची. घट्ट दुधाचं पेय, वर आइस्क्रीमचा गोळा. निंबाळकर तालमीजवळची सुजाता आणि तुळशीबागेतलं कावरे ही दोन नावं पुरेत. उन्हाळ्यात आंब्याची घ्या, एरवी सीताफळ किंवा केशर-पिस्ता. जेवणावर घेऊ नका, तीच एक जेवण आहे. दोघांत एक पुरते.

कॅम्प: अर्धा दिवस वेगळा ठेवा

लष्कराचा भाग, म्हणजे कॅम्प, पेठांपेक्षा वेगळ्या चवीचा आहे. पारशी, इराणी, मुस्लिम, गोव्याकडची ख्रिश्चन मंडळी, सगळ्यांची स्वयंपाकघरं इथे शेजारी आहेत. पेठांत राहून शाकाहारी ताटाला कंटाळलेल्यांनी महिन्यातून एक दिवस इथे काढावा.

सुरुवात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीपासून. १९५५ पासूनची ही बेकरी श्रुसबेरी बिस्किटं आणि मावा केकसाठी माहीत आहे. दुपारी बंद असते आणि रविवारी बंद असते, हे पाठ करा. किलोच्या हिशोबाने घ्यायचं असेल तर सकाळीच जा. मग मेन स्ट्रीटवरचं मर्झोरिन, तिथलं चिकन सँडविच. कॅम्पातला जे. जे. गार्डनचा वडापाव शाकाहाऱ्यांसाठी आहेच.

जेवायचं असेल तर दोराबजी अँड सन्स. १८७८ पासूनचं हे पारशी उपाहारगृह. धनसाक आणि सल्ली बोटी मागवा. धनसाक म्हणजे डाळी-भाज्यांत शिजवलेलं मटण आणि सोबत तपकिरी भात. पारशी घरांत तो रविवार दुपारचा बेत, नंतर झोप काढायची असते, तेव्हा पुढचं काही काम ठरवू नका. इराणी चेलो कबाब खायचे तर ब्लू नाईल. आणि ससून-जहांगीर रुग्णालयांच्या बाजूला वोहुमन कॅफे, जिथे चीज ऑम्लेट आणि बन मस्का हाच धर्म. रुग्णाला भेटून बाहेर पडलेले नातेवाईक आणि कॉलेजची मुलं एकाच बाकावर बसलेली असतात.

रमजानच्या महिन्यात कॅम्पच्या पलीकडे मोमीनपुऱ्यात आणि कोंढव्याच्या कौसर बागेत संध्याकाळनंतर खाण्याचे ठेले लागतात. मालपुवा, फालुदा, कबाब, नल्ली निहारी. रोजा सुटल्यानंतर तासाभराने जा, म्हणजे उपास सोडणाऱ्यांच्या गर्दीत तुमची अडचण होणार नाही. बायकामुलांसह जायला हरकत नाही, फक्त गाडी लांब लावा.

रात्र: मटण, बिर्याणी, मासे

सदाशिव पेठ म्हणजे वरण-भात-तूप, हा बाहेरच्यांचा समज. याच पेठेत आवारे यांची मराठा खानावळ आहे आणि पेठेतलंच नागपूर नावाचं हॉटेल मटणासाठी माहीत आहे. ताटात सुक्कं, रस्सा, भाकरी, भात. ज्वारीची की बाजरीची भाकरी ते आधी सांगा. भाकरी रश्श्यात कुस्करूनच खायची. चपाती मागितली तर मिळेल, पण वाढणाऱ्याचा तुमच्याबद्दलचा आदर उतरेल.

वार बघा. बऱ्याच मराठी घरांत बुधवार, शुक्रवार, रविवार हे मांसाहाराचे दिवस, त्यामुळे या दिवशी रात्री आठनंतर रांगा. गुरुवारी-शनिवारी जागा रिकामी मिळते, पण ताज्या मटणाची खात्री गर्दीच्या दिवशी जास्त. श्रावण लागण्याआधीचा आठवडा तर टाळाच, सगळं पुणे तेव्हा महिन्याची उधारी एकदम फेडत असतं.

बिर्याणीसाठी टिळक रस्त्याच्या बाजूला एसपीज, साजूक तुपातली. मासे खायचे तर नळ स्टॉपजवळ निसर्ग. कोकणातून आलेल्यांनी इथल्या माशांच्या किमती पाहून हाय खाऊ नये. समुद्र घाटाखाली आहे.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठांचे रस्ते संध्याकाळनंतर वाहनांना बंद होत जातात. त्या काळात लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात जेवायचा बेत आखायचा तर पायी चालायची तयारी ठेवा, नाहीतर कोथरूड, औंध, बाणेर अशा बाहेरच्या भागात जेवा.

नवे कॅफे

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडीची हाय स्ट्रीट, विधी महाविद्यालयाचा रस्ता, इथे कॅफे दर महिन्याला उघडतात आणि तितक्याच वेगाने मिटतात. त्यामुळे नावांच्या यादीत अर्थ नाही. कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी मात्र टिकून आहे: फेब्रुवारी २०१० मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाला आणि २०१३ मध्ये ती पुन्हा उघडली. लॅपटॉप घेऊन बसायचं असेल तर आधी विचारा, सुट्टीच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कॉफी चांगली आहे का ते केक पाहून ठरवू नका, साधी काळी कॉफी मागवून ठरवा.

बिल

बिल वाचा. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के लागतो. ज्या छोट्या हॉटेलांनी कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठोक दराने कर भरायची सवलत) घेतली आहे त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि तशी पाटी त्यांनी लावलेली असली पाहिजे.

सेवा शुल्क हा वेगळा विषय. कोरेगाव पार्क, बाणेर भागातल्या काही बिलांत ते आपोआप जोडलेलं दिसेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की ते सक्तीने घेता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. तेव्हा नको असेल तर शांतपणे ‘हे काढून द्या’ म्हणा. आवाज चढवायची गरज पडत नाही, बहुतेक ठिकाणी मॅनेजर लगेच दुसरं बिल काढतो. नाहीच काढलं तर बिलाचा फोटो घ्या, पैसे द्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पेठांतल्या मिसळीच्या किंवा बोर्डिंगच्या दुकानात मात्र सेवा शुल्क नसतं. तिथे वाढणाऱ्या काकांना द्यायचं ते हातात द्या, ताटाखाली ठेवून जाऊ नका. सगळीकडे मोबाइलवरून पैसे चालतात, पण एखाद्या जुन्या गल्ल्यावर ‘फक्त रोख’ असू शकतं, तेव्हा खिशात दोनेकशे रुपये सुटे असू द्या. पाचशेची नोट पुढे केलीत तर मालक आधी नोटेकडे बघतील, मग तुमच्याकडे, आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतील.